मिनिमल इलेक्ट्रॉनिक अल्बमचं पहिलं ऐकणं : ‘काहीच घडत नाही’च्या पुढे

प्रश्न थोडक्यात असा : मिनिमल इलेक्ट्रॉनिक संगीताचा (मोजके आवाज, संथ बदल) एक नवा अल्बम आलाय, आठ ट्रॅक, जेमतेम तासाभराचा. दोनदा ऐकला. आवाज छान आहेत, पण काहीच घडत नाही. त्यावर पहिलं मत लिहायचं आहे. अल्बमच पोकळ आहे की ऐकण्यात काही निसटतंय, हे ठरवायचं कसं?

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि दोन्हींची शहानिशा करता येते. मात्र ‘काय घडतं’ एवढाच प्रश्न इथे पुरत नाही. काय बदलतंय, किती वेगानं बदलतंय आणि तो बदल आपल्याला कधी कळतोय, असं विचारावं लागतं. गाण्यात बदल दर काही सेकंदांनी येतो आणि समोरून येतो. इथे एकच बदल अडीच मिनिटं चालू राहतो आणि होऊन गेल्यावर ध्यानात येतो. कानाला हा वेग एकदा सापडला, की तासाभराचा अल्बम पोकळ आहे की भरलेला, हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं.

पण मताच्या आधी वाजवण्याची व्यवस्था तपासा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही बाहेर पडत नाही. या प्रकारातल्या किकचा, म्हणजे ढोलासारख्या जड ठोक्याचा, मूळ स्वर बहुतेक वेळा ४५ ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि बेसलाइन, म्हणजे तळाच्या स्वरांची ओळ, ४० ते १२० च्या दरम्यान फिरते. म्हणजे पाच थरांच्या ट्रॅकमधले दोन थर उडालेच. इतर संगीतात हे फार जाणवत नाही, कारण वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या उपस्वरांवरून, कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मिनिमलमध्ये बेस पुष्कळदा जवळजवळ शुद्ध साइन वेव्ह असते. साइनला हार्मोनिक्सच नसतात, त्यामुळे कानाला भरून काढायला काही उरत नाही. मग उरलेल्या टिकटिकीवर मत बनतं आणि ते अर्थातच ‘कोरडा आहे’ असं बनतं.

आवाजाची पातळीही तशीच दगा देते. समान-प्रबलतेच्या वक्रांनुसार (कुठल्या वारंवारतेचा स्वर किती मोठा वाटतो ते दाखवणारे आलेख) १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढंच मोठं वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. रात्री हळू आवाजात लावलं की बेस नुसता कमी होत नाही, तो मिश्रणातून नाहीसाच होतो. बसल्या जागी ७० ते ७५ डेसिबल ही पहिल्या ऐकण्यासाठी योग्य पातळी, म्हणजे समोरासमोरच्या बोलण्यापेक्षा मोठी. त्याहून बरंच वर जाण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ओळखीच्या एखाद्या रेकॉर्डवर आवाज लावून घ्या आणि मग अल्बम संपेपर्यंत नॉबला हात लावू नका. तिसरा ट्रॅक मुद्दाम शांत ठेवलेला असेल आणि तुम्ही तिथे आवाज वाढवलात, तर चौथ्याची सुरुवात तुम्हीच बिघडवली.

ॲपमधला शफल बंद करायचा, हे सांगायला नको. क्रॉसफेड (एक ट्रॅक विरतानाच पुढचा सुरू करणारी सोय) मात्र विसरला जातो. पाच सेकंदांचा क्रॉसफेड दोन ट्रॅकच्या मधली शांतता खातो, आणि अशा अल्बममध्ये ती शांतता पुष्कळदा मोजून ठेवलेली असते. इक्वलायझर, ‘स्पेशियल’, ‘बेस बूस्ट’ सगळं सपाट करा. आवाज समान करणारी सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, ट्रॅकनुसार चालत असेल तर शांत ट्रॅक वर उचलला जातो, भरगच्च ट्रॅक खाली येतो आणि अल्बमचा चढउतार सपाट होतो. ती अल्बमनुसार ठेवा नाहीतर बंद करा. फाइल १२८ केबीपीएसची एमपी३ असेल तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं जातंच, शिवाय एक-दोन मिलिसेकंदांच्या क्लिकच्या आधी एक बारीक फुसफुस लागते. कॉम्प्रेशनचा गोंगाट क्लिकच्या अलीकडेही पसरतो म्हणून ती येते. गिटारच्या गाण्यात ती झाकली जाते. इथे क्लिकच्या आजूबाजूला दुसरं काहीच नसतं, त्यामुळे ती उघडी पडते आणि संगीतकारानं ठेवलेला आवाज समजून ऐकली जाते.

हेडफोन की स्पीकर? दोन्ही, पण पहिल्यांदा हेडफोन. कारण खोली. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झचा स्वर मधोमध जवळजवळ गायब होतो आणि भिंतीपाशी फुगतो. वरच्या टोकाला याच्या उलट गंमत : ४००० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, त्यामुळे लांबलेला शुद्ध स्वर स्पीकरवर वाजत असताना मान जराशी वळवली तरी त्याचा जोर बदलतो. हा बदल रेकॉर्डिंगमध्ये नाही, हवेत आहे. काही संगीतकार त्यावरच रचना बेततात, तेव्हा दुसऱ्या खेपेला स्पीकरवर ऐकणं हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग. फक्त ‘इथे स्वर हलतोय’ असं लिहिण्याआधी हेडफोनवर तो हलतोय का, तेवढं बघून घ्या.

आता ऐकणं. पहिली खेप सलग, डोळे स्क्रीनवर नकोत. लहरीचं चित्र दिसत असेल तर झाकून टाका : सहाव्या मिनिटाला काहीतरी मोठं येणार, हे डोळ्याला आधीच कळलं की कान त्याची वाट बघत बसतो आणि मधली पाच मिनिटं नुसती प्रतीक्षा होतात. या खेपेला काही लिहू नका. काम करत ऐकण्याला हरकत नाही, पण त्याला पहिलं ऐकणं म्हणू नका. पार्श्वभूमीला लावलेल्या संगीतात कान फक्त अचानक बदल टिपतो, आणि या अल्बममध्ये अचानक बदल नाहीत, हेच तर त्याचं वैशिष्ट्य. दुसरी खेप दुसऱ्या दिवशी, कागद-पेन घेऊन.

कागदावर काय उतरवायचं, ते एका कल्पित ट्रॅकवर दाखवतो. आठ मिनिटांचा ट्रॅक. आधी वेग काढा : किक आल्यावर ३० सेकंदांतले ठोके मोजा, दुप्पट करा. समजा १२५ निघाले. ६०,००० ला १२५ नं भागलं की एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग म्हणजे एक स्टेप १२० ची, आणि चार ठोक्यांचं आवर्तन १.९२ सेकंदांचं. हे तीन आकडे कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे सारखे लागतात.

पहिलं मिनिट फक्त हिस्स, म्हणजे बारीक सळसळ, आणि एक लाकडी टिकटिक. टिकटिकीचा नमुना परत कधी येतो ते बोटांवर मोजा. समजा सात स्टेप्सनी येतो. मग १:१० ला किक येते आणि तीच टिकटिक वेगळीच वाटू लागते. ती बदललेली नसते. किक येईपर्यंत तुम्ही तिच्यावरच सम धरून बसला होता. किक आली आणि सम दुसरीकडे निघाली. हा ट्रॅकचा पहिला मोठा प्रसंग, आणि ‘किक आली’ एवढंच लिहिलंत तर तो हुकला. आता सात स्टेप्सचा नमुना सोळा स्टेप्सच्या आवर्तनावर सरकत राहतो आणि सात आवर्तनांनी, म्हणजे १३.४ सेकंदांनी, पुन्हा समेवर येतो. बेसचा नमुना पाच स्टेप्सचा असेल तर तो पाच आवर्तनांनी येतो, ९.६ सेकंदांनी. दोघं मिळून समेवर यायला ३५ आवर्तनं लागतात : ६७ सेकंद. ट्रॅकमध्ये तीनच थर आहेत, पण मिनिटभर कुठलंही आवर्तन आधीच्यासारखं नाही. ‘तेच तेच’ म्हणायच्या आधी हा हिशेब करून बघावा.

२:५० ला हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका) थांबतो. थांबल्याचं तुम्हाला समजा ३:१० ला कळलं. दोन्ही वेळा लिहा. हे अंतर मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण थर इतक्या बेमालूम काढता येणं हे कौशल्य आहे आणि ते वीस सेकंद त्याचं माप आहेत. नेमकी वेळ तिसऱ्या खेपेला मागे जाऊन काढावी लागते. पहिल्या-दुसऱ्या खेपेत मागेपुढे करू नका.

चार मिनिटांपासून साडेसहापर्यंत पाठीमागचा कॉर्ड उजळत जातो. लो-पास फिल्टरचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वरचं तो अडवतो ती वारंवारता, ४०० हर्ट्झपासून २५०० पर्यंत दीडशे सेकंदांत उघडला, तर ते साधारण अडीच सप्तकांहून थोडं जास्त अंतर होतं, म्हणजे मिनिटाला एक सप्तक. कुठल्याही दहा सेकंदांत फरक सांगता येत नाही. मग पकडायचा कसा? तिसऱ्या खेपेला ४:०० ची दहा सेकंदं ऐका, थेट ६:२० वर जा. बंद दाराआडचा कॉर्ड आणि खोलीतला कॉर्ड, एवढा फरक पडलेला असेल. त्याच उड्या सगळ्या ट्रॅकवर मारून बघा : दुसरं मिनिट आणि सहावं मिनिट शेजारी ठेवल्यावर पोत, जागा, वजन, काहीच हललेलं नसेल, नमुनेही सरकत नसतील, तर पोकळपणाची शंका रास्त आहे.

या अशा संथ प्रक्रियेला साठ वर्षांचा पूर्वेतिहास आहे आणि तो माहीत असला की नव्या अल्बममधल्या युक्त्या लवकर ओळखू येतात. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशनं १९६५-६६ मध्ये बोललेल्या वाक्याच्या तुकड्याचे दोन टेप-लूप (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या फिती) सोबत सुरू करून हळूहळू एकमेकांपासून सरकू दिले. ‘कम आउट’ ही १९६६ ची रचना ऐकताना शब्द विरघळून नुसता ठेका उरतो. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोनं १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’मध्ये प्रत्येक स्वराला वेगळ्या लांबीचा लूप दिला : एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे २५.९, तिसरा सुमारे २९.९. या लांब्या एकमेकींत सहज बसत नाहीत, म्हणून तीच जुळणी पुन्हा येईपर्यंत ऐकणारा केव्हाच उठून गेलेला असतो. वरच्या पाच-सात-सोळाच्या हिशेबाचंच हे सैल, ठेका नसलेलं रूप. नव्या अल्बममध्ये किक नसलेला, घंटेसारखे स्वर अधूनमधून पडणारा ट्रॅक असेल तर एकच स्वर निवडा आणि तो किती सेकंदांनी परततो ते घड्याळावर पाहा. अंतर ठरलेलं निघालं तर लूप, दर वेळी वेगळं निघालं तर संभाव्यतेवर चालणारी यंत्रणा किंवा हातानं वाजवलेलं.

फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांची वाट आणखी वेगळी. एआरपी २५०० या सिंथेसायझरवर त्यांनी तासतास चालणाऱ्या रचना केल्या, ठेका नाही, नमुना नाही. तिथे लय येते ती विस्पंदांमधून : ११० आणि ११०.५ हर्ट्झचे दोन स्वर सोबत वाजले की दर दोन सेकंदांनी एक मंद हेलकावा ऐकू येतो. ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा भाग) किंचित फिरवून फरक ०.२ वर आणला तर हेलकावा पाच सेकंदांचा होतो. अशा ट्रॅकमध्ये ‘नाद एकच आहे’ असं लिहिणं म्हणजे समुद्रात पाणी एकच आहे म्हणण्यासारखं. हेलकाव्यांचा वेग मोजा, तो वाढतो की मंदावतो ते लिहा. लांबलेल्या स्वराकडे वळलेल्या अमेरिकी मंडळींतले ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य होते, हे आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगं. पण विलंबित ख्याल ऐकायची सवय इथे मदतही करते आणि घोटाळाही. मदत अशी, की घाई नसते. घोटाळा असा, की आपला कान तानपुऱ्याला स्थिर जमीन धरतो आणि तिच्यावर कुणी चालेल याची वाट पाहतो. अशा अल्बममध्ये कुणी चालत नाही. जमीनच सरकत असते.

ट्रॅक कुठल्या घराण्यातला, हे ओळखणं गरजेचं आहे, कारण मोजपट्टी बदलते. रॉबर्ट हूडच्या १९९४ च्या ‘मिनिमल नेशन’कडून आलेल्या टेक्नोत (यांत्रिक ठेक्याचं नृत्यसंगीत) ठेक्याचा तोल बघायचा : कुठल्या स्टेपवर जोर, ठेका किती झुलतो. बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीकडून आलेल्या डब टेक्नोत कॉर्ड एकच असतो, खरं वाद्य डिले, म्हणजे प्रतिध्वनी पाडणारं साधन. १२५ च्या वेगाला तीन स्टेप्सचा डिले ३६० मिलिसेकंदांचा होतो. कुणी तो ३७० वर ठेवला तर पहिला प्रतिध्वनी १० मिलिसेकंद उशिरा, दुसरा २०, तिसरा ३०, आणि शेपूट ठेक्याच्या मागे रेंगाळतं. हे रेंगाळणं सापडलं की ट्रॅक ‘सुस्त’ का वाटतो ते कळतं. मोडक्या यंत्रांची शाखा निराळी : ओव्हाल या जर्मन प्रकल्पानं अडखळणाऱ्या सीड्यांचे आवाज घेतले, पोल या संगीतकारानं बिघडलेल्या वॉल्डॉर्फ ४-पोल फिल्टरची चरचर हेच साधन केलं आणि नावही त्यावरूनच घेतलं. तिथे बघायचं, की बिघाड ठेका बनतो की नुसता मसाला राहतो. र्‍योजी इकेदा आणि अल्वा नोटो यांच्याकडून आलेल्या, साइन-क्लिकच्या संगीतात वारंवारतांची वाटणी बघायची : तळाला एक, टोकाला एक, मध्ये मोकळं रान. एकाच अल्बममध्ये चारही असू शकतात आणि बहुधा तिथेच तो फसतो, कारण प्रत्येक वाटेला कानाची वेगळी तयारी लागते आणि ती दर सात मिनिटांनी बदलावी लागली की थकवा येतो.

आता पोकळ अल्बम ओळखायच्या खुणा. सगळ्यात विश्वासू खूण घड्याळावर दिसते. १२५ च्या वेगाला सोळा आवर्तनं ३०.७ सेकंदांची. नवे थर ०:३१, १:०१, १:३२, २:०३ अशा वेळांना येत असतील, तर संगीतकारानं स्क्रीनवरच्या चौकोनांत ठोकळे रचले आहेत आणि कानानं नव्हे, डोळ्यानं मांडणी केली आहे. नृत्यासाठीच्या ट्रॅकला हे क्षम्य, किंबहुना सोयीचं. डीजेला त्या खुणा लागतात. घरी बसून ऐकायच्या अल्बमला नाही. चांगल्या ट्रॅकमध्ये बदल तेराव्या आवर्तनाला, मध्येच येतो आणि तरी तिथेच यायला हवा होता असं वाटतं.

दुसरी खूण रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागचा घुमारा. थर कमी असले की मोकळी जागा भीतिदायक वाटते, आणि सहा-आठ सेकंदांचा रिव्हर्ब ती स्वस्तात भरून देतो. परीक्षा सोपी : सगळं थांबतं ती जागा शोधा आणि शेपूट ऐका. ते ढगासारखं एकसारखं असेल आणि प्रत्येक ट्रॅकमध्ये तेच असेल, तर ‘अवकाश’, ‘खोली’ हे शब्द मतात वापरू नका. ती खोली नाही, वॉलपेपर आहे. वेगवेगळ्या थरांना वेगवेगळी जागा दिलेली असेल, म्हणजे क्लिक अगदी कोरडी आणि कानाशी, कॉर्ड लांब आणि ओला, तर तिथे विचार झालेला आहे.

तिसरी, मास्टरिंग, म्हणजे तयार ट्रॅकच्या आवाजावरून फिरवलेला शेवटचा हात. या संगीतात क्लिक आणि शांतता यांतलं अंतर हाच ऐवज. लिमिटरनं (आवाजाची टोकं दाबणारं साधन) सगळं वर ढकललं की हिस्स वर येते, किकचा पहिला दहा मिलिसेकंदांचा टोकदार भाग चेपला जातो आणि चाळीस मिनिटांनंतर डोकं जड होतं. तुम्ही त्याला कंटाळा समजता. कंटाळ्यात लक्ष भटकतं. थकव्यात लक्ष असतं पण आवाज कमी करावासा वाटतो. हा भेद कागदावर वेळेसकट नोंदवून ठेवा, कारण दोष रचनेचा की मास्टरिंगचा, हे त्यावरून ठरतं. रचना चांगली आणि मास्टरिंग वाईट असे अल्बम थोडे नाहीत.

लूप तंतोतंत आहे का, हेही बघा. एकाच नमुन्याची दोन आवर्तनं कान लावून ऐका : जोर, लांबी, उजळपणा, काहीतरी किंचित हलतं का? विल्यम बसिन्स्की यांच्या ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’मध्ये जुन्या टेपवरचं चुंबकीय द्रव्य वाजता वाजता झडत गेलं आणि प्रत्येक फेरीला लूप थोडा मेला. तो टोकाचा मामला. एरवी हाय-हॅटचा जोर दर ठोक्याला एखाद्या डेसिबलनं वरखाली असला तरी पुरतं. मात्र उलटही खरं आहे : काटेकोर, जराही न हलणारा लूप हा मुद्दाम केलेला निर्णय असू शकतो. तसं असेल तर बाकीचं सगळं त्याच्याभोवती हलतं. काहीच हलत नसेल तर तो निर्णय नाही, कॉपी-पेस्ट आहे.

मनातल्या मनात एक थर काढून बघणं ही शेवटची परीक्षा. बेस नसता तर? टिकटिक नसती तर? खरोखर मिनिमल ट्रॅकमध्ये कुठलाही थर काढला तरी डोलारा कोसळतो. थर थोडे आहेत म्हणून ट्रॅक मिनिमल होत नाही. नुसता अर्धवट सोडलेला ट्रॅकही थोड्या थरांचाच असतो.

अल्बम म्हणून एकच गोष्ट तपासा : ट्रॅकचे वेग आणि मूळ स्वर एका ओळीत लिहा. आठही ट्रॅक १२४ ते १२६ मध्ये आणि सगळे एकाच स्वरावर असतील, तर एकतर तो एक तासाचा एकच ट्रॅक आहे, आणि मग सांधे ऐकायला हवेत, नाहीतर एकाच टेम्प्लेटवरून आठ फाइली निघाल्या आहेत. सांध्यावरून लगेच कळतं. शेवटही बघा. आठपैकी सात ट्रॅक फेड-आउटनं संपत असतील, तर शेवट सुचलेला नाही असं लिहायला मी कचरणार नाही.

आणि मतात काय लिहावं? पहिल्या दोन-तीन खेपांवरून आवाजाची जात, बदलाचा वेग, मास्टरिंग, सांधे आणि शेवट यांवर ठामपणे बोलता येतं. अल्बम टिकेल का, यावर नाही. या प्रकारात ओळख झाल्यावरच बारकावे उघडतात आणि काही वेळा ओळख झाल्यावरच पोकळपणाही. ‘संमोहित करणारा’, ‘ध्यानमग्न’, ‘थंड’, ‘शिस्तबद्ध’ हे शब्द कुठल्याही मिनिमल अल्बमला चिकटतात, म्हणून निरुपयोगी. ‘तिसऱ्या ट्रॅकमध्ये हाय-हॅट पावणेतीन मिनिटांनंतर थांबतो आणि ते कळायला वीस सेकंदं लागतात’ हे वाक्य वाचणाऱ्याला तपासता येतं, त्याच्याशी भांडताही येतं. ‘चौथ्या ट्रॅकमध्ये बेस आणि किक ५० हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर बसलेत, त्यामुळे किक येते तेव्हा बेसचा स्वर कळत नाही’ हेही तसंच. नावडलं असेल तर तसं लिहावं, फक्त कुठे नावडलं त्याचं मिनिट द्यावं.

कंटाळवाणा वाटलेला ट्रॅक एकदा एकटाच, सगळ्यात आधी ऐका. पन्नास मिनिटांच्या ऐकण्यानंतर आलेला सातवा ट्रॅक आणि ताज्या कानानं ऐकलेला सातवा ट्रॅक यांत फरक पडला, तर दोष क्रमाचा. तोही दोषच, पण वेगळा.

अल्बम संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. ॲपचा ‘ऑटो-प्ले’ आधीच बंद असू द्या. इकेदाच्या १९९६ च्या ‘+/-’ या अल्बममध्ये शेवटाकडे एक अतिउच्च स्वर असा ठेवलेला आहे, की तो थांबेपर्यंत तो होता हेच कळत नाही. तुमच्या नव्या अल्बममध्ये तसं काही आहे का, हे शेवटच्या ट्रॅकनंतरच्या अर्ध्या मिनिटातच कळेल. वयानुसार १४-१५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं कमी होत जातं, तेव्हा तुमच्याहून तरुण कानाचं कुणीतरी शेजारी बसलेलं असेल तर उत्तम.